उत्तरेचा बाण

पावसाळ्यात चार आठवडे गुजरातमधल्या चांपानेरला राहायला जाणार म्हटल्यावर बाबांनी दोनच प्रश्न विचारले. छत्री कोणती नेतेस, आणि टेप किती मीटरचा घेतलास.

टेप मी घेतलाच नव्हता. मी छापचित्रं करते, लाकडी ठोकळ्यावर कोरून. मोजमापाशी माझा संबंध कागद कापण्यापुरता. चांपानेरच्या मशिदींवरचं कोरीवकाम बघायचं, डोळ्यांत साठवायचं आणि त्यातून आपलं काही करायचं, असं मी रेसिडन्सीच्या, म्हणजे कलावंतांना तिथे राहून काम करायला मिळतं त्या योजनेच्या, अर्जात लिहिलं होतं. बाबांनी कपाटाच्या खालच्या खणातून आपला जुना ३० मीटरचा कापडी टेप काढला, चामड्याच्या गोल डबीतला, आणि काही न बोलता माझ्या पिशवीत ठेवला. त्याच्या शेजारी ओळंबा, उभी रेषा सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. पितळेचा, टोकाशी झिजलेला.

बडोद्याहून चांपानेर पन्नासेक किलोमीटर. सपाट शेतांमधून जाता जाता एकदम पावागड उभा राहतो. दख्खनच्या पठारासारखाच ज्वालामुखीतून झालेला डोंगर आहे तो. लहानपणी सहलीला जाताना तो दिसला की आई म्हणायची, आला बघ आपल्याकडचा डोंगर. आईचं माहेर साताऱ्याचं, तिला सपाटीवर करमायचं नाही. बाबांना मात्र डोंगरापेक्षा पायथ्याची जमीन जवळची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाने प्रा. आर. एन. मेहतांच्या मार्गदर्शनाखाली चांपानेरचं उत्खनन केलं. बाबा तिथे ड्राफ्ट्समन होते. हिवाळ्याचे महिने ते तंबूत काढायचे आणि शनिवारी रात्री अंगाला मातीचा वास घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या घरी यायचे. मी तेव्हा दीड-दोन वर्षांची. तो वास मला आठवतो असं मला वाटतं, पण कदाचित आईने इतक्यांदा सांगितलं म्हणून असेल.

बाबा कलाभवनाच्या आवारात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन, दादासाहेब फाळके जिथे शिकले ते. बाबांच्या वेळेपर्यंत ते विद्यापीठात विलीन झालं होतं. तिथून थोड्या अंतरावर फाइन आर्ट्स फॅकल्टी, १९५० मध्ये सुरू झालेली. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत, शंखो चौधरी शिल्प. पुढे के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख. बडोद्याच्या मराठी घरांत ही नावं शेजाऱ्यांसारखी घेतली जात. मी १९८८ मध्ये तिथे शिकायला गेले तेव्हा घरी पेढे वाटले. बाबांनी तेव्हा मला आपली बारीक रेषेची क्रोक्विल निब आणि काळ्या शाईची बाटली दिली. मी ती वर्षभर उघडलीही नाही. चित्रकार होणार म्हणून मी इतकी भारावले होते, की माझ्याच घरात पस्तीस वर्षं रोज आठ तास रेषा काढणारा माणूस बसला आहे हे मला दिसलं नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

ते काय काढायचे हे सांगायला हवं, कारण हे काम फार थोड्यांनी पाहिलं आहे.

उत्खननाचा खड्डा चौकोनी असतो आणि त्याच्या भिंती ओळंब्यात सरळ कापलेल्या असतात. त्या भिंतीत थर दिसतात. भुसभुशीत करडी माती, चुन्याचे खडे, राख, विटांचा चुरा, पुन्हा माती. भिंतीवर आडवी सुतळी ताणायची, पाणसळीने समपातळीत आणायची आणि दर वीस सेंटिमीटरला त्या सुतळीपासून वर-खाली मोजत प्रत्येक थराची कड आलेखाच्या कागदावर उतरवायची. एक माणूस भिंतीशी, एक कागदाशी. भिंतीजवळचा आकडा सांगतो, कागदावरचा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. परत न म्हटलेला आकडा लिहायचा नाही, हा नियम. आमच्या घरी पडदे शिवायचे असले तरी हाच नियम. "एक चाळीस." "एक चाळीस." आम्ही भावंडं स्टुलावर चढून ओरडायचो आणि बाबा खालून तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे.

खापरांचं वेगळं. भांड्याच्या काठाचा तुकडा हातात आला, की एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर तो ठेवून मूळ तोंड केवढं असेल ते शोधायचं. मग कागदावर मधोमध उभी रेघ. डावीकडे भांड्याच्या जाडीचा छेद, काळ्या शाईने भरलेला. उजवीकडे बाहेरून दिसणारं अंग. बोटभर खापरातून अख्खी हंडी उभी राहायची. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही यावर सही का नाही करत?" ते म्हणाले, "अगं, सहीची जागा नसते. मोजपट्टी असते, थरांचे आकडे असतात आणि उत्तरेचा बाण असतो. ज्याला बघायचंय त्याला एवढं पुरतं."

चांपानेरला पहिला आठवडा वाया गेला म्हणण्यापेक्षा मी तो कसा घालवला ते सांगते. राहायची जागा गावातच होती, जुन्या तटाला लागून. एक खोली, समोर लांबट पडवी, दोन वेळचं जेवण. अट एकच, शेवटच्या रविवारी काम लोकांना दाखवायचं. आम्ही चौघं होतो, त्यात केरळचा एक शिल्पकार आणि नागपूरची एक फोटोग्राफर. रोज सकाळी मी जामी मशिदीत जाऊन बसायची. गुजरातच्या सुलतानशाहीतली ही सर्वांत देखणी मशीद असं म्हणतात आणि मला ते पटतं. दर्शनी बाजूला तीस मीटर उंचीचे दोन मिनार, आत १७२ खांब आणि मधल्या घुमटाखाली मजल्यावर मजले चढवत नेलेले सज्जे. त्या सज्ज्यांतून उतरणारा पावसाळी उजेड इतका मऊ असतो, की खांबांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. बाहेर अष्टकोनी कुंड काठोकाठ भरलेलं. केवडा मशीद, नगिना मशीद, लीला गुंबज. सगळीकडे वेलबुट्टी, कमळं, कळसासारखे आकार. देवळं बांधणाऱ्या कारागिरांच्याच हातचं वळण या मशिदींवर आहे, हे ओळखायला पुस्तक लागत नाही.

संरक्षित वास्तूत कागद लावून ठसा घ्यायला परवानगी लागते, म्हणून मी नुसती वही घेऊन बसले. पंचवीस-तीस रेखाटनं केली. सुंदर होती. संध्याकाळी पडवीत मांडली तेव्हा त्यांत मला चांपानेर कुठेच दिसेना. ती कुठल्याही जाळीची, कुठल्याही कमळाची चित्रं होती. माझा हात सरावाने गोड रेषा काढत होता आणि डोळे त्याच्या मागे मागे फिरत होते.

या शहराचा इतिहास फार थोडक्यात सांगता येतो. आधी चौहान रावळांचं हे गाव. वीस महिने वेढा घालून गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये पावागड घेतला, पायथ्याशी राजधानी वसवली, तिला मुहम्मदाबाद नाव दिलं. १५३५ मध्ये हुमायून आला आणि त्यानंतर शहर ओसाड पडत गेलं. जेमतेम पन्नास वर्षांचं आयुष्य. हुमायूनची माणसं रात्री उभ्या कड्यात लोखंडी खिळे ठोकून गडावर चढली, ही गोष्ट बाबा आम्हाला झोपताना सांगायचे आणि त्यात हटकून थांबायचे: दोन खिळ्यांमध्ये अंतर किती ठेवलं असेल? अंधारात कसं मोजलं असेल? आम्हाला लढाई हवी असायची, त्यांना अंतर. नंतर मराठे आले. १७२७ मध्ये कृष्णाजी कदम, पुढे शिंदे. १८०३ मध्ये इंग्रजांनी गड घेतला, पुढच्याच वर्षी शिंद्यांना परत दिला. कुणीही तिथे शहर पुन्हा वसवलं नाही. म्हणूनच ते शाबूत राहिलं आणि २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

पण ओसाड हा शब्द मला तिथे राहिल्यावर टोचायला लागला. तटाच्या आत गाव आहे. म्हशी आहेत, पिठाची गिरणी आहे, वेशीच्या कमानीखालून रिक्षा जातात. गडावर कालिकामातेला जाणारी माणसं पहाटेपासून याच रस्त्याने पायी निघतात. पाणीही अजून त्याच वाटांनी वाहतं. डोंगरावर एकाखाली एक तळी आहेत, दुधिया, छाशिया, तेलिया अशी स्वयंपाकघरातल्या नावांची, आणि पायथ्याला मोठं वडा तलाव. पाच शतकांपूर्वी कुणीतरी पावसाचं पाणी कुठे अडवायचं, कुठे मुरवायचं याचा विचार केला होता. बाबांच्या उत्खननात अमीर मंझिल नावाच्या हवेलीचं जोतं निघालं, तिथेही बागेतले पाण्याचे पाट आहेत. पाऊस थांबल्यावर मी तिथे गेले तेव्हा त्या पाटांत पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. या कडा बाबांनी मोजल्या असतील, हे मनात आलं आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी टेप बाहेर काढला.

मशिदी मोजायचं धाडस नव्हतं. माझ्या खोलीसमोर एक भिंत होती. खाली जुन्या तटाचा घडीव वालुकाश्म, वर लहानमोठ्या दगडांचा भराव, मध्येच विटांचा एक पट्टा, त्यावर मातीचं लिंपण, सिमेंट, शेवटी पत्रा. एका कुटुंबाचं घर त्या तटालाच टेकलेलं. सिमेंटवर कुणाच्या तरी लग्नातला गणपती, रंग उडालेला. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध, असा २०१० पासूनचा कायदा आहे. त्यामुळे या घरांना साधी खोली वाढवायचीसुद्धा सोय नाही. घरातल्या आजी मला सांगत होत्या की गळतीसाठी कागद करावे लागतात, खेपा घालाव्या लागतात. वास्तू जपायला तो कायदा हवाच, असं मी आजवर मानत आले आणि अजूनही मानते. पण आजींच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ल्यावर ते वाक्य मला पहिल्यासारखं सहज म्हणता येत नाही.

आजींच्या परवानगीने मी त्या भिंतीसमोर सुतळी ताणली. त्यांची नववीतली नात टेपचं टोक धरायला आली. पहिल्या दिवशी आकडा परत म्हणायचा नियम तिला विचित्र वाटला, दुसऱ्या दिवशी मी विसरले तर ती मलाच थांबवू लागली. "बेन, पाछुं बोलो." ताई, परत म्हणा. एकास दहा या प्रमाणात भिंत कागदावर उतरवायला अकरा दिवस लागले. एवढ्या सावकाश मी आयुष्यात कधी काही पाहिलेलं नाही. वीस सेंटिमीटर सरकायचं, ओळंबा सोडायचा, तो स्थिर होईपर्यंत थांबायचं. ओळंबा स्थिर होताना माणूसही स्थिर होतो. जिथे मला आधी नुसता दगड दिसला होता तिथे छिन्नीच्या घावांची दिशा दिसली. एका दगडाला उलटं बसवलेलं कमळ निघालं. विटांच्या पट्ट्याच्या डाव्या कडेला माती अचानक तुटत होती. का ते मला कळलं नाही, पण तुटत होती तशी मी ती काढली.

रेखाटन पुरं झाल्यावर मी ते सागाच्या सहा पाट्यांवर कोरलं, थरागणिक एक, आणि लांब कागदावर एकावर एक छापलं. रंग दोनच. तटाचा पिवळा आणि काळा.

शेवटच्या रविवारी भाऊ बाबांना घेऊन आला. बाबांचं वय त्र्याऐंशी, डोळ्यांचं काम झालेलं, तरी मधोमध त्यांना धूसर दिसतं, म्हणून ते कुठल्याही वस्तूकडे जरा तिरकं बघतात. लोक येत होते, फोटो काढत होते, छान छान म्हणत होते. बाबा माझ्या छापासमोर खुर्ची मागून बसले. नाक कागदाला लागेल इतके पुढे झुकून डावीकडून उजवीकडे गेले. मग म्हणाले, "उत्तर कुठे आहे?"

मी बाण काढला नव्हता.

"मोजपट्टी घातलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. पुन्हा वाकले. त्यांचं बोट विटांच्या पट्ट्याच्या डाव्या कडेवर थांबलं. "ही वीट दगडाच्या भरावाखाली दिसते म्हणून तू तिला आधीच्या काळातल्या थराचा आकडा दिलास. पण ही कड बघ. माती तुटलीय. म्हणजे इथे नंतर भगदाड पाडलंय आणि ते विटांनी बुजवलंय. वीट नंतरची. चार आणि पाचची अदलाबदल कर."

आजी ओट्यावरच बसल्या होत्या. मी गुजरातीतून विचारलं. त्या म्हणाल्या, हो तर, सासऱ्यांनी तिथे कोनाडा पाडायला घेतला होता, दगड खचायला लागला तसा घाबरून विटांनी भरून टाकला. त्यांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी.

मला जे कळलं नव्हतं ते मी बरोबर काढलं होतं, कारण मोजून काढलं होतं. आणि अर्धवट दृष्टीच्या माणसाने भिंत न बघता नुसत्या कागदावरून ते वाचलं. उत्खननात एक थर उचलला की तो पुन्हा खणता येत नाही. मागे उरतो तो कागद. पुढे कधीतरी जास्त जाणणारा कुणी येईल आणि आपल्याला न कळलेलं त्यावर वाचेल, या भरवशावर बाबांनी पस्तीस वर्षं रेषा काढल्या. मी आजवर चित्र काढताना मला काय वाटतं ते त्यात येतंय का, एवढंच पाहत आले होते. मला न कळलेल्या गोष्टीला माझ्या चित्रात जागा आहे का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबांच्या चेहऱ्यावर कौतुकबिवतुक काही नव्हतं. ते खूश होते, पण एखादं काम जमल्यावर दोन सहकारी असतात तसे. मला यापेक्षा मोठं काही मिळालेलं नाही.

परतताना गावाबाहेर, हालोलच्या रस्त्याला, बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. तिथे सोळाव्या शतकातली एक विहीर आहे, चक्राकार पायऱ्यांची. इतर वावा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, जमिनीत सरळ उतरत जातात, दालनं आणि खांब घेऊन. ही नुसती गोल विहीर आणि तिच्या भिंतीला बिलगून गोल फिरत खाली जाणारा जिना. कोरीवकाम जवळजवळ नाही. पावसाने पाणी वर आलं होतं, निम्म्याहून जास्त पायऱ्या बुडालेल्या.

"जिना एक मीटर वीस रुंद आहे असं छापलेलं आहे," बाबा म्हणाले. "मला तो सगळीकडे सारखा वाटला नव्हता. तेव्हा वेळ मिळाला नाही."

त्यांना उतरणं शक्य नव्हतं. भावाने गाडीतली घडीची खुर्ची काठापासून जरा आत मांडली. बाबांनी खिशातून डायरी काढली, ऊन कुठून येतंय ते पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी उत्तरेचा बाण काढला. मग म्हणाले, "हं, जा."

मी चपला काठावर काढल्या. पायऱ्यांवर शेवाळ होतं, भिंतीला हात धरत उतरावं लागत होतं. पहिल्या पायरीवर टेपचं टोक भिंतीला टेकवलं, डबी कडेपर्यंत ओढली.

"एक अठरा."

आवाज विहिरीत घुमून वर गेला.

"एक अठरा," वरून बाबा म्हणाले.

मी पुढच्या पायरीवर उतरले.